मधे चालणारा मास्तर

मुक्काम मोहझरी, जिल्हा चांदा
श्रावण वद्य, सोमवार, १९५७

तीर्थस्वरूप भाऊजी,

मोहझरीहून गुणवंताचा तुम्हाला आणि इंदुताईला दोन्ही हात जोडून दंडवत. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आमची मंडळी ठीक आहेत, म्हैस ठीक आहे, धानाचे रोवणे आटोपत आले आहेत, आणि माझं शरीरही लांबून पाहणाऱ्याला ठीकच दिसतं. ताईच्या गुडघ्यांना आता कसं आहे? मागे पाठवलेलं करंजाचं तेल ती लावते की दिव्यात घालते, ते खरं खरं कळवावे. (ती तुमच्यासमोर लावते आणि पाठ वळली की पुसते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.) तुमचा खोकला गेला असेल. नसेल तर अडुळसा पाठवतो, इथे कुंपणाला आहे. बाकी पत्र लिहायला तसं काही कारण नाही. सहज आठवण आली म्हणून बसलो.

तुम्ही नागपूरला राहता, तेव्हा तुमचा वाघ महाराजबागेत पिंजऱ्यात असतो आणि त्याच्यासमोर पाटी लावलेली असते. इथे तसं नाही. इथे रानातून जाताना कोणी त्याचं नाव घेत नाही. ‘तो’ म्हणतात, फार झालं तर ‘मोठा’ म्हणतात. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं, आणि तो येतो, अशी इकडची समजूत आहे. मी नवीन असताना या गोष्टीला हसलो होतो. आता हसत नाही, कारण गेल्या महिन्यापासून मीसुद्धा एका गोष्टीचं नाव घेणं सोडलं आहे. तुम्हाला कळावं म्हणून एकदाच लिहितो, तेही दार लावून: उच्च गणित. लिहिलं. आता घाम पुसतो आणि यापुढे या पत्रात त्याला नुसतं ‘तो विषय’ म्हणतो. तुम्ही ओव्हरसियर माणूस, पूल बांधता, तुम्ही तो विषय कोळून प्यायला आहात, तुम्हाला माझी दशा कळायची नाही. पण ताईला कळेल. मॅट्रिकच्या वेळी साधं गणित माझ्या डोक्यात शिरावं म्हणून तिने कुठल्या कुठल्या देवाला नारळ बोलले होते ते तिला विचारा.

आता असा माणूस त्या विषयाचा मास्तर कसा झाला, हे तुम्ही विचाराल. भज्यामुळे झाला. आमच्या हायस्कुलात मी इतिहास, भूगोल आणि चित्रकला शिकवतो. (चित्रकलेत माझा हात बरा आहे. गेल्या गणपतीत मी रंगवलेला मूषक पाहून मांजर बिचकली होती.) त्या विषयाचे जुने मास्तर नोकरी सोडून रायपूरला गेले, तेव्हा आमच्या हेडमास्तर देवतळ्यांनी सगळ्यांना चहाला बोलावून विचारलं, की आता हा विषय कोण घेणार? संस्कृतचे मास्तर नाही म्हणाले. शेतकीचे मास्तर नाही म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडात नुकतंच कढईतून निघालेलं भजं होतं, ते धड गिळवेना की थुंकवेना, आणि माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी देवतळ्यांना कर्तव्याची भावना वाटली. घास खाली उतरेपर्यंत वेळापत्रकावर माझं नाव चढलं होतं. देवतळे म्हणाले, घाबरू नका गुणवंतराव, तो विषय वर्षानुवर्षं कोणी घेतलेला नाही, नुसता शाळेच्या वजनासाठी ठेवलेला आहे. ते खरं होतं. पोटभर भात खाऊन मी त्या विषयाच्या धुऱ्यावर बुजगावण्यासारखा उभा होतो आणि पाखरू म्हणून फिरकत नव्हतं. असे सुखाचे दिवस गेले, भाऊजी.

पाखरू फिरकू नये म्हणून मीही आपल्या परीने झटत होतो. सत्राच्या सुरुवातीला दहावीच्या मुलांना ऐच्छिक विषय निवडायचे असतात आणि ज्या त्या मास्तराने आपापल्या विषयावर भाषण करायचं, अशी आमची पद्धत आहे. शेतकीचे मास्तर येताना हातात एक दुधी भोपळा घेऊन येतात, तेवढ्यावर अर्धा वर्ग त्यांच्याकडे जातो. माझं भाषण मी वर्षं घालून घोटलं होतं. वरून ऐकणाऱ्याला ती स्तुती वाटावी आणि पोरांच्या पोटात मात्र गोळा यावा, अशी त्याची घडण. “हा विषय म्हणजे बुद्धीची तलवार,” असं म्हणून मी थांबायचो, आणि मग खालच्या आवाजात म्हणायचो, “पण तलवार ज्याला पेलत नाही त्याचं काय होतं, ते मी आज सांगत नाही.” की झालं. पोरं रांगेने भोपळ्याकडे. यंदा मात्र देवतळे स्वतः ऐकायला येऊन बसले, आणि साहेबासमोर माझी जीभ नको तेवढी सुटली. मी म्हणालो, या विषयाच्या जोरावर माणूस पाण्यात पाऊल न टाकता, या काठावर उभा राहून पलीकडच्या काठाचं अंतर सांगू शकतो. (हे वाक्य मी कुठल्याशा दिनदर्शिकेवर वाचलं होतं. दिनदर्शिका घरात ठेवू नये.) वाक्य संपलं आणि मुलींच्या बाकावरून एक हात वर झाला.

हात वच्छलाचा. ही कोसंबीच्या मुखरू कोहळ्याची पोरगी. कोसंबी म्हणजे रानापलीकडचं दोन कोसांवरचं गाव, आणि कोहळी म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांनी इकडचे सगळे तलाव बांधले ते लोक. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेल्यापासून तलाव सरकारचे झाले, म्हणून मागच्या उन्हाळ्यात कोसंबीचा तलाव मोजायला एक सर्व्हेअर आला होता. तीन पायांवर दुर्बीण ठेवून त्याने पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसल्या बसल्या पलीकडच्या काठाचं माप सांगितलं. गावकऱ्यांनी दोर लावून पाहिलं तर माप तंतोतंत. गाव आश्चर्य करून जेवायला गेलं, पण ही पोरगी त्या माणसाच्या मागे मागे फिरत राहिली, हे कसं केलं सांगा म्हणून. त्याने जीव सोडवायला सांगितलं, शाळेत हा विषय घे, मग कळेल. मी भाषणात जे बोललो ते तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं! अशा माणसासमोर थाप मारणंसुद्धा कठीण.

तरी मला आशा होती. तीन विद्यार्थी असल्याशिवाय वर्ग भरत नाही, असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो विषय घेणारे तीन जीव मोहझरी पंचक्रोशीत सापडतील हे अशक्य होतं. एवढ्यात नथ्थूचा हात वर झाला, आणि त्याच्या मागोमाग पत्रूचा. भाऊजी, दोघेही कोसंबीचेच, मी दोघांनाही ओळखतो. नथ्थूला पाढा विचारला की तो पाणी प्यायला जातो. पत्रू तर मागच्या परीक्षेत पेपरावर नुसतं नाव लिहून आला आणि तेही उकार विसरून. मी वर्ग सुटल्यावर पत्रूला कोपऱ्यात घेतलं आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, की बाळा, तुझं कोणी वाईट केलं का? तर म्हणाला, “नाई जी. त्या इषयाचा तास सकाळी शाळेच्या आंदी रायते न? मंग वच्छला एकटी कशी येईन जंगलातून? अना ते गेल्यावर आमी दोघं मागून कसे येऊन? ‘तो’ फिरून राह्यला सध्या. तिघंई संगं असले म्हंजे बरं रायते.” मी म्हटलं, मग सोबत या आणि बाहेर चिंचेखाली बसा, विषय कशाला घेता? त्यावर तो विचार करून म्हणाला, “बाहीर बसून का करू जी? आतमधी बसतो.”

म्हणजे पाहा. आमच्या शाळेत त्या विषयाचा वर्ग उघडला तो सरकारने नाही, हेडमास्तरांनी नाही, वाघाने उघडला. (नाव लिहून गेलो. आता खोडत नाही, पण तुम्ही मोठ्याने वाचू नका.) रानात सोबत सोडायची नाही, हा इकडचा कायदा. तो मोडण्यापेक्षा पोरांना त्रिकोणमिती सोपी वाटली.

पहिल्या दिवशी मी त्या विषयाच्या प्राचीन परंपरेवर बोललो. दुसऱ्या दिवशी पुस्तकाला खाकी कागद कसा घालावा ते शिकवलं. तिसऱ्या दिवशी वहीत समास आखले. मग थीटा नावाचं एक अक्षर पुस्तकात दिसलं, त्याचा आकार फार सुरेख आहे, अंड्याच्या कमरेला करगोटा बांधावा तसा, तो मी फळ्यावर असा काढला की माझंच मन भरून आलं. पोरांकडून पानंच्या पानं थीटा गिरवून घेतले. पत्रूचा थीटा तर अप्रतिम आहे, तुम्हाला नमुना पाठवीन. आठवडा असा निभावला. मग वच्छलाने विचारलं, “सर, हा थीटा म्हंजे किती?” भाऊजी, पायाखालची सतरंजी सरकली. मी खिडकीबाहेर पाहिलं, उपरणं सारखं केलं आणि गंभीरपणे म्हणालो, “ते वेळेवर अवलंबून आहे. जशी गरज असेल तसा तो कमीजास्त होतो.” तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं. हे उत्तर बरोबर आहे की चूक, एवढं तुम्ही कृपा करून कळवा. मी त्या दिवसापासून धड जेवलेलो नाही.

भीतीने माणूस नीच होतो, हे मी आजवर इतिहासात शिकवत आलो. आता स्वतःवरून सांगतो. मी देवतळ्यांकडे गेलो आणि म्हणालो, सकाळी मुलांची डोकी थंड असतात, त्या विषयाला तापलेलं डोकं लागतं, तेव्हा तास संध्याकाळी शाळा सुटल्यावर ठेवावा. माझा हिशेब सरळ होता. संध्याकाळचा तास म्हणजे परतताना रानात अंधारून येणार, आईबाप भिणार, निदान नथ्थू-पत्रू तरी गळणार, आणि वर्ग मोडणार. देवतळ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, कल्पना चांगली आहे, मंजूर. फक्त मुलांना अंधारात एकटं कसं सोडायचं? ज्या अर्थी वेळ तुम्ही मागितली, त्या अर्थी आठवड्यातून तीन दिवस मुलांना कोसंबीपर्यंत तुम्ही पोचवून द्यायचं. आणि रात्री एकट्याने परत येणं बरं नव्हे, तेव्हा मुखरूकडेच राहायचं आणि सकाळी मुलांबरोबर यायचं. मी निघालो तेव्हा दारातला शिपाई पोचू हळूच म्हणाला, “मास्तर, धावत्या बैलाचं शेपूट धरलं जी तुमी.” घरी आमच्या मंडळींना सांगितलं तर त्यांनी माझी वळकटी बांधायला घेतली. एवढ्या वर्षांत माझं ऐकून त्यांनी इतकं लगेच काही केल्याचं मला स्मरत नाही.

तर भाऊजी, आता माझी स्थिती अशी, की तासाला तो विषय आणि तास सुटला की तो स्वतः. रानातून जाण्याचीही एक रीत आहे, ती मला पहिल्याच दिवशी पोरांनी समजावली. एकामागे एक चालायचं, मोठ्याने बोलत चालायचं, म्हणजे त्याला आपली चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. त्याला माणसाची अचानक गाठ आवडत नाही म्हणे. (मलाही त्याची आवडत नाही, या एका बाबतीत आमचं जमतं.) पुढे वच्छला, मग नथ्थू, मग मी, आणि सगळ्यांच्या मागे पत्रू, हातात कुऱ्हाड घेऊन. मी आपला मोठेपणा दाखवायला म्हणालो, की मी मास्तर, मी पुढे चालतो. तर वच्छला म्हणाली, “नाई सर, तुमी मधीच ऱ्हा.” मला वाटलं, मान देतात. वाटेत ऐनाच्या झाडाखाली वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे, जाणाऱ्या-येणाऱ्याने त्यावर पानांची एक डहाळी टाकायची असते. पोरांनी एकेक डहाळी टाकली. मी अख्खी फांदी मोडून आणली. दुसऱ्या दिवशी वर्गात जाण्यापूर्वी त्या विषयाच्या पुस्तकावरही मी कोणी पाहत नाही असं बघून एक छोटी डहाळी ठेवली होती. पत्रूने पाहिली. तो आपलं दप्तर घेऊन आत गेला.

कोसंबीला मुखरूच्या ओसरीवर पहिल्या दिवशी बसलो, तेव्हा वाटलं ही संधी बरी आहे, बापालाच फिरवू. मुखरू मला हातपाय धुवायला पाणी देत होता. मी सुरुवात केली, की मुखरूभाऊ, मुलीच्या जातीला हा विषय फार जड, यात पोरगी वाळून जाते. तो काही बोलायच्या आत आतून गुणाबाई, म्हणजे वच्छलाची आई, भाकरीचं पीठ लागल्या हाताने दारात आली. म्हणाली, “मास्तर, मी त सांगूनच ठेवलं आहे पोरीले. तलावाच्या कामाचं शिकून राह्यली, तोवर शाळा. तो इषय बंद झाला का शाळा बंद. सिंदेवाहीचा पोरगा पाहून ठेवला हाय, मार्गेसरात लगन लावून देतो. उगाच भोपळे पाह्याले काऊन धाडू जंगलातून?” आणि मुखरू पाण्याचा गडू खाली ठेवून म्हणाला, “आमच्या बाप-आज्यानं अंदाजानं पाळी बांधल्या जी. पोट्टी हिशेबानं बांधन म्हनते. तुमी हाव, म्हून जीवाले भेव नाई.” भाऊजी, माझ्या जिवाला जे काही भेव होतं त्यात तेवढ्यात दुप्पट भर पडली. चूल पेटलेली, भात रटरटत होता, आणि ती पोरगी चुलीच्या उजेडात बसून मी वहीत गिरवून घेतलेले ते सुरेख थीटा पाहत होती, जसं काही त्यातून पलीकडचा काठ दिसणार आहे. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. खरं सांगतो, मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण बाहेर तो होता.

आता मुद्द्यावर येतो. (मघाशी कारण नाही म्हणालो, ते रीत म्हणून.) पुढच्या आठवड्यात पुस्तकातलं खाकी कागद आणि अक्षरांचे आकार सगळं संपतं आणि खरे हिशेब सुरू होतात. तोवर मी इथून हललो पाहिजे. तेव्हा तुम्ही एवढंच करावं, की हे पत्र मिळताच एक तार धाडावी, ‘इंदु अत्यवस्थ, ताबडतोब निघा’. ताईला काही होऊ नये, उदंड आयुष्य लाभो, फक्त तारेपुरतं. मी तार दाखवून लांबलचक रजा काढतो आणि नागपूरला येऊन पडतो. त्या विषयाला दुसरा मास्तर मिळणार नाही, वर्ग आपोआप बंद पडेल. मी मोडला, असं कोणी म्हणणार नाही. तो आपोआप मोडेल. हे ‘आपोआप’ मी रोज मनाशी घोकून पाहतो, पण ते माझ्या डोक्यात साध्या गणितापेक्षाही कमी शिरतं. तरी तार करावीच. तुमच्याशिवाय मला कोणी नाही.

ताईला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमचा भ्यालेला मेव्हणा
गुणवंत

ता. क. : करंजाचं तेल संपलं असेल तर तसं कळवावे. तारेत नको, पत्रात.

ता. क. दुसरा : हे पत्र सोमवारी लिहून पाकिटात घातलं, पण डाकवाला लटारू रोवणा करायला आपल्या शेतावर गेला आहे आणि बाजाराच्या दिवशीच येणार आहे, म्हणून ते अजून माझ्याच खिशात आहे. मधे गुरुवार होऊन गेला. तेव्हा वरचं वाचून तुम्ही उठला असाल आणि पायात चप्पल घातली असेल, तर काढा. तार करू नका.

झालं असं, की गुरुवारी आम्ही ऐनाच्या झाडाअलीकडे होतो, उजेड कमी झालेला, आणि उजव्या हाताच्या बांबूत भेकर ओरडलं. भेकर हे बारकं हरीण, ते भुंकल्यासारखं ओरडतं आणि असं ओरडलं की समजावं, भेकराने त्याला पाहिलं. आम्ही सगळे थांबलो. मग नाकाला तो वास आला, ओल्या घोंगडीचा असावा तसा. पोरं म्हणाली, बोलत राहा, मोठ्याने बोला, थांबू नका. नथ्थूचा आवाज बसला होता. मागे पत्रूने कुऱ्हाड खांद्यावरून हातात घेतली. आणि पुढून वच्छला न वळता मोठ्याने म्हणाली, “सर, पुस्तकातलं उदाहरण सांगा! झाडाची सावली इतकी, सूर्याचा कोन इतका, त झाडाची उंची किती?” तिला काही तरी बोलायचं म्हणून तिने ते काढलं, जे तिच्या मनात होतं ते. मी तोंड उघडलं. आयुष्यभर कमावलेली शुद्ध भाषा, प्राचीन परंपरा, बुद्धीची तलवार, सगळं कुठल्या कुठे गेलं आणि माझ्या तोंडून आमच्या आईच्या घरची बोली अशी मोठ्याने बाहेर पडली, की झाडावरची हरेल पाखरं भर्रकन उडाली. मी ओरडलो, “मले येत नाई! मले यातलं काईच येत नाई!”

मला वाटलं, आता त्याने खाल्लं तर बरं. वच्छलाने मागे वळूनही पाहिलं नाही. तशीच पुढे बघत म्हणाली, “मालूम हाय जी. अखिन जोरानं बोला.”

भाऊजी, मी बोललो. पाय चालत होते आणि मी बोलत होतो. “लॉगॅरिदम येत नाई! द्विपद सिद्धांत येत नाई! साइन येत नाई, कॉस येत नाई, थीटा नुसता काढता येते, का हाय ते मालूम नाई!” इतकी वर्षं पोटात दडवलेलं सगळं मी त्या रानाला ऐकवलं. मला न येणाऱ्या गोष्टी इतक्या निघाल्या की कोसंबीच्या पाळीपर्यंत पुरल्या. तो आला नाही. एवढं सगळं ऐकून कोण येईल?

पाळीवर पोचल्यावर मी तलावाकडे तोंड करून उभा राहिलो, कारण पोरांकडे बघवेना. विचारलं, कधीपासून माहीत आहे? पत्रू म्हणाला, “खाकी कागदाच्या दिवसापासून.” मग वच्छलाने सांगितलं, की म्हणूनच तुम्हाला मधे ठेवतो. पहिल्या दिवसापासून. रानात ज्याला भीती वाटते त्याला मधे घ्यायचं, आणि तुला भीती वाटते का, असं विचारायचं नाही. “पुसलं का मानूस लाजते, अना लाजला का मागं ऱ्हाते, अना मागं राह्यला का जाते जी तो,” असं म्हणाली आणि घागर घ्यायला घरी गेली, जसं काही फार झालंच नव्हतं.

काल वर्गात मी गेलो तर माझी खुर्ची भिंतीला लावलेली होती आणि बाकावर नथ्थू आणि पत्रूच्या मधे जागा केलेली होती. मी बसलो. वच्छला फळ्यापाशी उभी राहिली आणि पुस्तक उघडून पहिलं उदाहरण वाचलं. तिलाही येत नव्हतं. मला वाटलं होतं हिला येत असेल, तर नाही. पण ती पुढे उभी होती आणि येत नाही ते मोठ्याने बोलत होती, आम्ही तिघं मागून बोलत होतो, आणि असं बराच वेळ बोलल्यावर झाडाची उंची निघाली. पहिल्यांदा ती वच्छलापेक्षाही कमी निघाली, मग दुरुस्त केली. खिडकीतून देवतळे पाहत होते की नाही ते मला माहीत नाही, मी फळ्याकडे पाहत होतो. काल रात्री मुखरूने मला विचारलं, पास होईन न जी पोट्टी? मी हो म्हणालो. त्या विषयाबद्दल न भिता बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. ते खोटं पडू नये एवढी एकच भीती आता उरली आहे, पण ती वरच्या सगळ्या भीतींपेक्षा मोठी आहे.

तेव्हा भाऊजी, मागणं असं. तुमच्या लोखंडी ट्रंकेत तुमच्या वेळची त्या विषयाची पुस्तकं आहेत, ती ताईने लग्नात पाहिली आहेत आणि तेव्हापासून तिला ती टाकून द्यायची आहेत. तिच्या हाती लागण्याआधी पार्सल करा. आमच्याकडे एकच प्रत आहे आणि तिच्यावर पानांचे डाग पडले आहेत. मित्रांकडून, कचेरीतून, जिथून मिळतील तिथून मिळवा, पण चार पाठवा. विद्यार्थी तीनच आहेत. चौथी प्रत कोणाची, ते विचारू नका. विचारलं की माणूस लाजतो.

ता. क. तिसरा : ताईला सांगावे, अत्यवस्थ होण्याची आता गरज नाही. तेल मात्र लावावे.

ता. क. शेवटचा : पार्सल बांधण्यापूर्वी पुस्तकांच्या मागची उत्तरांची पानं फाडून तुमच्याकडे ठेवून घ्यावीत, असं वच्छलाने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. पलीकडचा काठ आधीच दिसला तर मोजायला मजा नाही म्हणते. तसं करावे. चौथ्या प्रतीतली मात्र राहू द्यावीत. मधे चालणाऱ्याला तेवढी सवलत असते.